करवंटीला जमले ते पऱ्हाटीला का नाही?

१९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेत रेडक्रॉसने घरोघरच्या लोकांना एक विचित्र विनंती केली. पीच खा, पण आठळी फेकू नका. अक्रोड फोडा, पण टरफल टाकू नका. जर्दाळू, आलुबुखार, ऑलिव्ह, खजूर यांच्या बिया आणि हिकरी, बटरनट यांची कवचे धुऊन, वाळवून गावोगावच्या संकलन केंद्रांत आणून द्यायची होती. सोबत हिशेबही दिला होता : पीचच्या २०० आठळ्या किंवा ७ पौंड टरफले गोळा झाली की एका सैनिकाच्या गॅस मुखवट्यात घालण्यापुरता कोळसा तयार होतो. फ्रान्समधल्या खंदकांत लढणाऱ्या मुलाचा श्वास घरच्या आठळीवर अवलंबून आहे, हे त्या आवाहनाचे सार होते. शेतीतल्या आणि स्वयंपाकघरातल्या टाकाऊ मालापासून सच्छिद्र, सक्रिय कोळसा करण्याचा इतिहास बहुधा रसायनशास्त्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो : कोणी कधी कोणती प्रक्रिया शोधली, कोणते पेटंट घेतले. पुरावे नीट मांडले तर मात्र दिसते की कोणता कचरा कोळसा होणार आणि कोणता शेतातच जळणार, याचा निकाल भट्टीच्या आधीच लागलेला असतो. तो लागतो गोळा करण्याच्या व्यवस्थेत. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते महाराष्ट्राच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन भिडते.

आधी वस्तू समजून घेऊ. साधा कोळसा म्हणजे हवा कोंडून जाळलेले लाकूड किंवा करवंटी. ४०० ते ६०० अंश तापमानाला त्यातला ओलावा, धूर, डांबर निघून जाते आणि कार्बनचा सांगाडा उरतो. या सांगाड्यात पोकळ्या असतात, पण बऱ्याचशा डांबराने बुजलेल्या. हाच कोळसा पुन्हा ८०० ते १००० अंशांना तापवून त्यावरून पाण्याची वाफ सोडली, की वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडतात. दुसरा मार्ग म्हणजे कच्चा मालच झिंक क्लोराइड, फॉस्फरिक आम्ल यांसारख्या रसायनात भिजवून मग तापवायचा. दोन्ही वाटांनी तयार होतो तो सक्रिय कोळसा. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर भुकटीत जवळपास दहा गुंठे जमीन. वायूचे, रंगाचे, वासाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. हे स्पंजासारखे आत मुरणे नसून पृष्ठावर धरले जाणे आहे, म्हणून त्याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. हाइनरिख कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये त्यासाठी वेगळा शब्द रूढ केला. हा भेद मनात असला की एक नेहमीचा युक्तिवादही बाजूला ठेवता येतो. आपल्याकडे वाळू आणि कोळशाच्या थरांतून पाणी गाळण्याची रीत जुनी आहे, तेव्हा हे ज्ञान आपलेच, असे म्हटले जाते. ती रीत शहाणपणाची होती यात शंका नाही, पण तो साधा कोळसा होता. छिद्रे मुद्दाम उघडण्याची क्रिया हा वेगळा आणि अलीकडचा उद्योग आहे, आणि दोन्हींची सरमिसळ केल्याने आपल्या परंपरेचा मान वाढत नाही.

या उद्योगाची सुरुवात साखरेपासून झाली, हे महाराष्ट्राच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोळसा वायू ओढून घेतो हे कार्ल शेले याने १७७३ मध्ये पाहिले होते. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या औषधशाळेत टोबियास लोव्हित्झ याला टार्टारिक आम्लाचे स्फटिक तपकिरी होण्याचा त्रास होत होता. कोळशाची पूड घातली आणि द्रावण निवळले. दहा वर्षांच्या आत इंग्लंडमधल्या साखर शुद्धीकरणात लाकडी कोळसा पोहोचला. पुढे १८११ मध्ये फिगिये याने दाखवले की हाडांचा कोळसा रंग काढण्यात लाकडी कोळशापेक्षा सरस आहे, आणि पुढची शंभर वर्षे साखरेवर हाडांचे राज्य चालले. हाडांच्या कोळशात कार्बन जेमतेम दहा टक्के, बाकी सारा कॅल्शियम फॉस्फेट. तरी तो जिंकला. त्याच्या गुणाबरोबरच त्याची उपलब्धताही यामागे होती. कत्तलखान्यात हाडे आपसूक एका जागी जमा होतात. त्याहून बोलका पुरावा अमेरिकेच्या मैदानांचा. १८७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या बायसनांची अमानुष कत्तल झाली. सांगाडे उघड्यावर पडून होते. मैदानातून रेल्वे गेली आणि त्या सांगाड्यांना एकाएकी भाव आला. कॅन्सासमधले वसाहतकरी गाड्या भरभरून हाडे रुळांच्या कडेला रचू लागले आणि ती सेंट लुईसच्या आणि डेट्रॉईटच्या कारखान्यांत जाऊन साखरेचा कोळसा आणि खत झाली. हाडे रूळ येण्याआधीही तीच होती, त्यांचे रसायनही तेच होते. रूळ तेवढे नव्हते.

हाडांच्या या कोळशाचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर हाडांनी शुद्ध केलेली असते, म्हणून ती धर्माला आणि देशाला दोन्हीला वर्ज्य, असा प्रचार झाला. सगळ्याच परदेशी साखरेला तो लागू नव्हता, पण निराधारही नव्हता. त्याच सुमारास युरोपातही हाडांना वनस्पतिजन्य पर्याय शोधला जात होता, अर्थात तिथे कारण धर्माचे नव्हते, खर्चाचे होते. रफाएल फॉन ओस्त्रेज्को याने १९०० आणि १९०१ मध्ये दोन पेटंटे घेतली : एक धातूंचे क्लोराइड वापरून कोळसा करण्याचे, दुसरे तापलेल्या कोळशावरून वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे. आजच्या दोन्ही मुख्य पद्धती या दोन कागदांतून निघाल्या आहेत. लाकडापासून ‘एपोनिट’ नावाचा सक्रिय कोळसा निघाला आणि नेदरलँड्समध्ये १९११ च्या सुमारास ‘नोरिट’. नोरिटचा पुढचा मोठा कच्चा माल होता पीट, म्हणजे दलदलीत कुजून साठलेला वनस्पतींचा थर. ड्रेन्थ प्रांतातला पीट इंधनासाठी आधीपासून कापला जात होता, तो वाहून नेण्यासाठी कालवे खणलेले होते, होड्या चालू होत्या. कारखाना त्या कालव्याच्या काठी आला. कच्चा माल निवडला गेला तो प्रयोगशाळेतल्या गुणपत्रिकेवर जितका, तितकाच कालव्याच्या नकाशावर.

मग पहिले महायुद्ध आले, आणि या धंद्याचे स्वरूप चार वर्षांत पालटले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन सोडला. काही दिवसांतच भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजनही त्या आघाडीवर उतरवली गेली. पहिल्या बचावाच्या पट्ट्या रसायनात भिजवलेल्या होत्या. पण क्लोरीनवर उतारा शोधावा तर फॉस्जीन येई, त्यावर शोधावा तर क्लोरोपिक्रिन. दर विषाला वेगळा उतारा शोधत बसण्यापेक्षा कोणतेही विष धरून ठेवणारी एकच वस्तू हवी, हा विचार रशियन रसायनतज्ज्ञ निकोलाय झेलिन्स्की याने १९१५ मध्येच मांडला आणि कोळशाचा मुखवटा तयार केला. या ठिकाणी एक तारीख आठवली पाहिजे. नारळाच्या करवंटीचा कोळसा वायू धरण्यात इतर कोळशांपेक्षा वरचढ आहे, हे जॉन हंटर याने १८६५ मध्ये लिहून ठेवले होते. म्हणजे गुण माहीत होऊन पन्नास वर्षे झाली होती. त्या पन्नास वर्षांत करवंटी प्रयोगशाळेच्या बाहेर फारशी पडली नाही; जेम्स ड्युअर याने विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पोकळी साधायला ती वापरली, एवढेच. ज्ञान हेच कारण असते तर करवंटीचा उद्योग १८७० मध्ये उभा राहिला असता.

तो उभा राहिला गरज आणि गोळा करण्याची यंत्रणा एकत्र आल्यावर. अमेरिकी सैन्याने करवंटी हाच उत्तम माल ठरवला आणि लगेच प्रश्न पडला की करवंट्या आहेत कुठे? मिठाईसाठी खोबरे वापरणाऱ्या कारखान्यांतून मिळणाऱ्या करवंट्या पुरेनात, म्हणून लोकांनी अधिक खोबरे खावे अशी मोहीम काढण्यात आली. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. मनिलामध्येच करवंट्यांचा कोळसा करण्याची सोय केली गेली, कारण कोळसा करवंटीच्या तिपटी-चौपटीने हलका आणि जहाजांत जागा मोलाची. तेही अपुरे पडले तेव्हा पीचच्या आठळ्यांची हाक दिली गेली. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबले. आठळ्यांची ती मोहीमही तिथेच संपली आणि पुन्हा कधी व्यापार म्हणून उभी राहिली नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आठळीचा कोळसा चांगलाच होता. पण घराघरातून मूठमूठ आठळ्या आणायला देशभक्तीची लाट लागते, आणि लाटेवर धंदा चालत नाही. उलट शत्रूच्या बाजूने पाहा. जर्मनांना समुद्र बंद होता, नारळ मिळणार नव्हता. त्यांनी लाकडाला झिंक क्लोराइड लावून आपला कोळसा केला. आवाक्यात जे गोळा होत होते त्याला त्यांनी रसायन जुळवून घेतले.

दुसऱ्या महायुद्धाने हाच धडा उलट्या दिशेने दिला. १९४२ मध्ये फिलिपिन्स जपानच्या हाती गेले आणि करवंटीचा पुरवठा तुटला. तेव्हा पिट्सबर्गमधल्या एका कंपनीने खाणीतल्या दगडी कोळशापासून दाणेदार सक्रिय कोळसा काढला. खाण हे तर गोळा करण्याचे टोकाचे रूप : निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच सगळे एका जागी रचून ठेवलेले. युद्ध संपले, समुद्र मोकळे झाले, तरी दगडी कोळशाने मिळवलेली जागा सोडली नाही आणि आजही तो या धंद्याचा एक मुख्य कच्चा माल आहे. करवंटी परत आली ती सोन्याच्या वाटेने. सायनाइडच्या द्रावणात विरघळलेले सोने कोळशावर धरण्याची पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि पुढे दक्षिण आफ्रिकेने ती उचलली. त्यात कोळसा खनिजाच्या चिखलात सतत ढवळला जातो. मऊ कोळसा झिजला तर त्याच्या बारीक भुकटीबरोबर सोनेही वाहून जाते. करवंटीचा कोळसा कठीण, म्हणून तो टिकला.

इथे जाणता वाचक अडवील, आणि त्याने अडवलेच पाहिजे. करवंटीचा कठीणपणा, तिची अतिसूक्ष्म छिद्रे, तिच्यातली नगण्य राख, हे सगळे गुण रसायनाचेच आहेत. मग गोळा करण्याला एवढे श्रेय का? आक्षेप निम्मा खरा आहे आणि तो निम्मा मान्य केला पाहिजे. करवंटीत राख एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. भाताच्या तुसात ती वीस टक्क्यांच्या घरात आणि तीही बहुतेक सिलिका. ती काढून टाकल्याखेरीज तुसाचा कोळसा करवंटीची बरोबरी करू शकत नाही, मग तूस राईस मिलच्या दारात कितीही ढीगभर साठो. शिवाय छिद्रांचा आकार कच्च्या मालावर आणि पद्धतीवर ठरतो. करवंटीची छिद्रे दोन नॅनोमीटरपेक्षाही लहान, वायूच्या लहान रेणूंना योग्य. साखरेतल्या रंगाचे रेणू मोठे, त्यांना लाकडाचा किंवा पीटचा मोठ्या छिद्रांचा कोळसा लागतो. म्हणून एकच कचरा सगळ्या कामांना चालेल असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. पण या गुणांमुळे फक्त उमेदवारी मिळते. ऊस, कापूस, तूर, शेंगदाणा, काजू, मका अशा किती तरी पिकांच्या अवशेषांपासून उत्तम सक्रिय कोळसा करून दाखवणारे शोधनिबंध गेल्या काही दशकांत ढिगाने छापले गेले आहेत, भारतीय विद्यापीठांतूनही. तरीही जगाच्या बाजारात चालतात ते दगडी कोळसा, करवंटी आणि लाकूड. प्रयोगशाळेत पास झालेले इतके उमेदवार दाराबाहेर का उभे आहेत, याचे उत्तर छिद्रांच्या आकारात सापडत नाही.

करवंटीचा हिशेबच पाहू. नारळ विकास मंडळाने दिलेल्या आकड्यांनुसार खड्ड्यात जाळण्याच्या पारंपरिक पद्धतीत १००० नारळांच्या करवंट्यांतून सरासरी ३५ किलो कोळसा निघतो. म्हणजे एक टन कोळशाला जवळपास ३०,००० नारळ. सक्रिय करताना आणखी घट होते आणि साधारण तीन टन कोळशातून एक टन सक्रिय कोळसा हाती येतो. एका टनामागे नव्वद हजार नारळ! एवढे नारळ एका जागी फुटतात कुठे? खोबरे वाळवण्याच्या आगरांत. केरळात, तमिळनाडूतल्या कांगेयमच्या पट्ट्यात, श्रीलंकेत, फिलिपिन्समध्ये खोबऱ्याचा आणि तेलाचा व्यापार आधी होता. करवंट्यांचे ढीग त्याने आपोआप उभे केले. कोळशाच्या धंद्याला गोळा करण्याचा खर्च करावाच लागला नाही, तो खोबऱ्याने आधीच भरला होता. आता कोकण आणि गोव्याकडे पाहा. नारळ तिथेही आहे, चांगला आहे. पण तो मुख्यतः ओला नारळ म्हणून विकला जातो, शहाळे म्हणून प्यायला जातो, आणि फुटतो मुंबई-पुण्याच्या ओट्यावर, देवळाच्या पायरीवर, हॉटेलच्या भटारखान्यात. करवंटी एकेक करून घंटागाडीत जाते. कोकणच्या करवंटीत आणि केरळच्या करवंटीत रसायनाचा फरक नाही. फरक नारळ कुठे फुटतो याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गोळा होणे हेच निर्णायक असेल तर उसाची चिपाडे सर्वांत पुढे असायला हवी होती. १०० टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस उरतो आणि तो कारखान्याच्या आवारातच पडतो. वाहतुकीचा एक रुपया नाही. मग प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाल्यापासून आजवर महाराष्ट्र सक्रिय कोळशाचे माहेरघर का झाला नाही? कारण बगॅस कधी कचरा नव्हताच. त्यावर कारखान्याचा बॉयलर चालतो आणि आता सहवीजनिर्मितीतून विकायची वीजही निघते. गोळा झालेल्या मालावर आधीच दुसऱ्या चुलीचा हक्क आहे, आणि ती चूल सोडवण्याइतका भाव कोळसा देऊ शकत नाही. तेव्हा माझे म्हणणे मला इथे थोडे दुरुस्त करून मांडले पाहिजे : माल गोळा झालेला हवा आणि त्यावर दुसऱ्याचा मोठा दावा नको. ‘टाकाऊ’ हा शब्द शहरातून शेताकडे पाहताना सुचतो. कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या विदर्भ-मराठवाड्यात वर्षभराचे सरपण आहेत, झोपडीची भिंत आणि परड्याचे कुंपण आहेत. करवंटीसुद्धा गरिबाच्या चुलीतच जात होती. तिला भाव आल्यावर ती चुलीतून निघून गेली. अशा बदलात नफा कोणाचा आणि सरपण कोणाचे गेले, हे विचारल्याशिवाय कोणतीही योजना आखू नये.

तरीही पऱ्हाटीचा विचार केलाच पाहिजे, कारण तिथे अटी जुळत आहेत. गॅस सिलिंडर आल्यापासून सरपणाची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही, आणि हंगामानंतर किती तरी पऱ्हाटी बांधावर रचून पेटवली जाते. ती लाकडासारखी कठीण आहे, तिच्यात राख तुसाच्या मानाने पुष्कळच कमी. शिवाय गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडण्यासाठी हंगाम वेळेत संपवून पऱ्हाटी शेतातून आणि बांधावरूनही हलवा, असे कृषी विद्यापीठे सांगतातच. म्हणजे ती उचलण्यात पिकाचेही हित आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले, आणि त्या कामातही घोडे अडले ते याच ठिकाणी : पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, शेते विखुरलेली, हंगाम दोन-तीन महिन्यांचा, शेतातच तुकडे केल्याखेरीज ट्रक भरतो पण वजन भरत नाही. कापूस जिनिंगपर्यंत पोहोचवण्याची साखळी दीडशे वर्षे जुनी आहे, पऱ्हाटीसाठी मात्र तशी एकही कडी नाही.

महाराष्ट्राला गोळा करता येत नाही असे म्हणायला जागा नाही. विखुरलेल्या हजारो शेतांतला ऊस ठरलेल्या दिवशी तोडून गव्हाणीपर्यंत आणण्याची व्यवस्था याच राज्याने सहकारातून उभी केली, दुधाचीही केली. त्या व्यवस्थेची किंमत बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड मजुरांनी, त्यांच्या बायकांनी आणि शाळा सुटलेल्या मुलांनी मोजली आहे, ही गोष्ट पऱ्हाटीची साखळी बांधताना पहिल्या पानावर लिहिली पाहिजे. करवंटीच्या उघड्या खड्ड्यांचा धूर जाळणाऱ्यांच्या छातीत जातो, तेही. म्हणून सहकारी जिनिंग संस्थांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना विनंती आहे : पऱ्हाटीपासून सक्रिय कोळसा होतो हे आणखी एकदा सिद्ध करण्यात वेळ घालवू नका. एक तालुका घ्या. त्या तालुक्यात एका हंगामात किती पऱ्हाटी खरोखर मोकळी आहे, ती कोण तोडणार, तुकडे कुठे होणार, मजुरी किती पडणार आणि दहा कोसांवर बंद भट्टी उभी केली तर शेतकऱ्याच्या हातात एकरी काय उरेल, याचा हिशेब मांडून छापा. तो हिशेब हाती आल्यावरच भट्टीची जागा ठरवा.